आकडा जुळेपर्यंत: संख्याशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एका डेटा सायन्स क्लासचं माहितीपत्रक होतं. फी एक लाख पस्तीस हजार, बारा हप्ते, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. पहिला हप्ता सोमवारी भरायचा होता आणि तो दिवस शनिवार होता. तिला माझ्याकडून फक्त एवढंच हवं होतं की मी ‘भर’ म्हणावं.

ओळख पटू नये म्हणून गाव आणि कॉलेज सांगत नाही. ती पुण्यात टी. वाय. बी. एस्सी.ला, विषय संख्याशास्त्र. घर सांगली जिल्ह्यात, अडीच एकर ऊस, दोन म्हशी, धाकटा भाऊ बारावीत. पेठेत कॉट बेसिसवर राहायची, मेसचा डबा. पाचव्या सेमिस्टरपर्यंत गुण चांगले, पण वर्गात पहिली-दुसरी वगैरे नाही.

प्रोग्रॅमिंग किती येतं, असं विचारलं तर तिने प्रामाणिक उत्तर दिलं. आर ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा येते, कारण प्रॅक्टिकलला होती. पायथन यूट्यूबवरून थोडं. एक्सेल बऱ्यापैकी. एसक्यूएल ऐकून माहीत. गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायच्या संकेतस्थळावर, शिकाऊंच्या सरावाच्या ठरलेल्या फाइलींवरचे तीन प्रकल्प टाकलेले: टायटॅनिकचे प्रवासी, आयरिसची फुलं आणि घरांच्या किमती. मला हसू आलं, पण तिला नाही दाखवलं. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ च्या निबंधात वापरलेली ती १५० फुलं आजही दर वर्षी हजारो मुलांच्या बायोडेटात फुलत असतात, आणि टायटॅनिकच्या सरावाच्या फाइलमधल्या ८९१ प्रवाशांपैकी कोण वाचलं हे आता जगात सगळ्यांना ठाऊक आहे. भरती करणाऱ्याने असा प्रकल्प पाहिला की त्याला एवढंच कळतं की मुलीला इंटरनेट वापरता येतं.

तिच्याभोवती सल्ल्यांची कमी नव्हती, हीच खरी अडचण. वडील म्हणत होते सरकारी परीक्षा दे. कॉलेजातल्या मॅडम म्हणत होत्या ॲक्च्युरी हो, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणारी तज्ज्ञ. एक वर्ष पुढचा मुलगा सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकून औषध-चाचण्यांच्या कंपनीत लागला होता, त्याचं म्हणणं सॅसच. कॅम्पसला एक कंपनी येणार होती, ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’, सीटीसी दोन लाख ऐंशी हजार. मैत्रिणी एम. एस्सी.च्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म बघत होत्या. आणि क्लासवाले दिवसाआड फोन करत होते.

यातला एकही सल्ला वेडा नव्हता. क्लासचा सोडला तर. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे नेमकं काय, असं मी तिला त्यांच्याकडूनच लेखी मागायला सांगितलं. किती जणांनी फी भरली, किती जण कोर्स संपवून बाहेर पडले, किती जण कुठल्या पदावर लागले, आणि टक्केवारी काढताना खाली भाजक म्हणून कोणती संख्या धरली. उत्तर आलं नाही. फोन मात्र आले. भाजक विचारायची सवय संख्याशास्त्राच्या मुलीला असायला हवी, आणि तिला ती होती, फक्त स्वतःच्या पैशांबाबत वापरायचं सुचलं नव्हतं. सोमवारचा हप्ता भरला गेला नाही.

मी काय पाहत होते

मी सतरा वर्षं क्लिनिकल ट्रायल्सच्या, म्हणजे औषध-चाचण्यांच्या, आकडेवारीत काढली आहेत. आमच्या धंद्यात महत्त्वाचा तक्ता दोन माणसं वेगवेगळी बनवतात. एकाने दुसऱ्याचा कोड पाहायचा नाही. शेवटी दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवायची, आणि दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधायचं. नव्या मुलांपैकी कोण टिकेल हे मला कोडवरून कधीच कळलं नाही. न जुळलेल्या आकड्यापाशी माणूस किती वेळ बसतो त्यावरून कळलं. काही जण दोन तासांत ‘राउंडिंग असेल’ म्हणून मोकळे होतात. काहींना झोप लागत नाही.

म्हणून मी तिला कुठलाच मार्ग सुचवला नाही. एक काम दिलं. भारत सरकारचं सांख्यिकी मंत्रालय आवर्ती श्रमबल सर्वेक्षण करतं, इंग्रजी आद्याक्षरांनी पीएलएफएस. २०१७ पासून चालू आहे. त्याचे वार्षिक अहवाल छापून येतात, आणि अहवालामागची कच्ची माहिती, म्हणजे नाव-गाव वगळून एकेका माणसाची नोंद, मंत्रालय कोणालाही फुकट देतं. तेव्हा जुलै २०२१ ते जून २०२२ या वर्षाची माहिती ताजी होती. लाखभर कुटुंबं, चार लाखांहून जास्त माणसं. मी म्हणाले, “महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग दर काढ. ग्रामीण वेगळा, शहरी वेगळा. अहवालातल्या आकड्याशी जुळला पाहिजे. तीन आठवडे.” हा दर म्हणजे शंभरातल्या किती जणी काम करतात किंवा काम शोधतात.

तिला वाटलं हे फारच सोपं आहे. मलाही तसंच वाटावं असं तिने चेहऱ्यावरून दाखवलं.

चार प्रयत्न

फाइल उघडायलाच तिला दोन दिवस गेले. ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली सोपी फाइल, नव्हती. नुसत्या अंकांच्या लांबच लांब ओळी, कुठल्या रकान्यापासून कुठल्या रकान्यापर्यंत काय आहे ते वेगळ्या तक्त्यात दिलेलं. टायटॅनिकच्या स्वच्छ तक्त्यानंतर हा पहिला धक्का.

मग तिने चॅटजीपीटीला विचारलं. त्याने सुबक कोड दिला, तो एकही चूक न दाखवता चालला, आणि उत्तर आलं. अहवालाशी जुळेना. कोडमध्ये दोष नव्हता. त्याने सगळ्या नोंदी सारख्या वजनाच्या धरून सरळ सरासरी काढली होती, कारण तिने त्याला दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

पाच-सहा दिवसांनी रात्री साडेअकराला तिचा संदेश आला: “मॅडम, हे तर सॅम्पलिंगच्या पेपरातलं स्ट्रॅटिफाइड आहे!” तिने सर्वेक्षणाच्या रचनेची पुस्तिका वाचायला घेतली होती. त्या वेळच्या रचनेत निवडलेल्या प्रत्येक गावातल्या किंवा शहरी विभागातल्या घरांचे, घरातल्या किती जणांचं शिक्षण दहावी किंवा त्याहून पुढे झालंय यावरून तीन गट पाडले जायचे, आणि त्या गटांतून दोन, चार, दोन अशी मिळून आठ घरं घेतली जायची. गावात दहावी झालेला एकही माणूस नसलेली घरं शंभर असोत की दहा, त्यांतून घरं दोनच. म्हणजे एक घर कधी पन्नास घरांच्या वतीने बोलतं, कधी पाच घरांच्या. म्हणून प्रत्येक नोंदीला भारांक असतो. शिवाय तो भारांक जसाच्या तसा वापरायचा नसतो. काही नोंदींना शंभराने भागायचं, काहींना दोनशेने, आणि वर्षाचा अंदाज हवा तर चार तिमाह्यांचाही हिशेब घालायचा. हे सगळं मंत्रालयाच्या टिपेत दिलेलं आहे, पण ते वाचण्याची गरज आहे हे कळायला तिला बी. एस्सी.चा एक पेपर लागला. तोच पेपर तिच्या वर्गाने ‘पाठांतराचा’ म्हणून बाजूला टाकला होता.

दुसऱ्या प्रयत्नात ग्रामीण आकडा जवळ आला, शहरी बिघडला. कारण साधं होतं, तरी सापडायला चार दिवस लागले. त्या वेळच्या रचनेत शहरी घरांना एकूण चार वेळा भेट दिली जायची, आणि वार्षिक अहवाल पहिल्या भेटीवर बेतायचे. तिने जास्त माहिती म्हणजे जास्त चांगलं, या हिशेबाने पुनर्भेटींची फाइलही त्यात ओतली होती.

तिसरा प्रयत्न. आता दोन्ही आकडे अहवालापेक्षा कमी, ग्रामीण तर बराच कमी. भारांक बरोबर, फाइल बरोबर, वय बरोबर. इथे ती अडली, आणि मी मुद्दाम काही सांगितलं नाही. तेवढ्यात गणपती आले. ती गौरींसाठी गावी गेली.

गावी तिने एक गोष्ट केली जी मी सुचवली नव्हती. सर्वेक्षणातल्या कामाच्या संकेतांकांची यादी तिने वहीत उतरवली होती: ११ म्हणजे स्वतःचा उद्योग, २१ म्हणजे घरच्या उद्योगात बिनपगारी मदत, ३१ म्हणजे नियमित पगार, ५१ म्हणजे मजुरी, ९२ म्हणजे फक्त घरकाम. ती यादी घेऊन ती आईसमोर बसली. आईचा दिवस पहाटे धारेपासून सुरू. मग घर, मग खुरपणीच्या दिवसांत शेत, संध्याकाळी पुन्हा गोठा. “तुम्ही काय करता?” असं पाहुण्यासारखं विचारल्यावर आई म्हणाली, “मी कुठं काय करते, घरीच असते.” म्हणजे ९२. मग हिने म्हशी आणि खुरपणीचे दिवस मोजायला लावले. वर्षात तीस दिवस तर सहज भरले.

आणि तिथे तिला आकडा सापडला. या सर्वेक्षणात माणसाची मुख्य स्थिती वेगळी नोंदतात आणि दुय्यम स्थिती वेगळी. वर्षभरात किमान तीस दिवस कुठलं आर्थिक काम केलं असेल तर ते दुय्यम म्हणून धरतात. मुख्य ९२ आणि दुय्यम २१ असलेली बाई ‘नेहमीची स्थिती’ या हिशेबात काम करणारी ठरते. तिने फक्त मुख्य स्थितीचा रकाना वापरला होता. तिच्या आईसारख्या सगळ्या बायका तिच्या कोडमधून गळून गेल्या होत्या.

चौथ्या प्रयत्नात आकडा जुळला. मला मेलमध्ये दोन ओळींचं उत्तर आणि पाच पानं आली. प्रत्येक प्रयत्नात काय धरलं होतं, का चुकलं, कशावरून कळलं. या पानांना ती ‘चुकांची वही’ म्हणायची. मी तिला टायटॅनिक बुडू दे म्हणाले. गिटहबवर आता फक्त हे ठेव.

पर्यायांचा हिशेब, आणि माझी चूक

दसऱ्याच्या सुमारास आम्ही सगळे मार्ग पुन्हा टेबलावर घेतले. तिच्या वडिलांनाही फोनवर घेतलं.

सरकारी मार्ग. वडिलांना वाटत होतं त्यापेक्षा हा मार्ग तिच्यासाठी जास्त जवळचा आहे, हे मलाच त्यांना सांगावं लागलं. यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची वेगळी परीक्षा घेते. संख्याशास्त्र विषय असलेली पदवी पुरते, वय २१ ते ३०, इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाबरोबर संख्याशास्त्राचेच चार पेपर, मग मुलाखत. अलीकडच्या वर्षांत जागा शंभरही नसतात, आणि तयारीने येणारी बहुतेक मुलं एम. एस्सी. झालेली असतात. त्याखालोखाल कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी. वडिलांना ‘अधिकारी’ हा शब्द आवडला. पोरीने जी फाइल तीन आठवडे उपसली, तसलीच माहिती जमवणाऱ्या खात्यात ती जाऊ शकते, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे हे पोरखेळाचं नव्हतं.”

ॲक्च्युरी. चांगला मार्ग, पण परीक्षांची शिडी लांब, प्रत्येक पेपरची फी, आणि तिला विम्यात किंवा वित्तात जराही रस नव्हता. संख्याशास्त्राच्या पहिल्या पेपरात आता आर वापरून सोडवायचा भाग असतो, तो तिला जमला असता. पण एका पेपरसाठी कोणी आयुष्य बांधत नाही. पाच मिनिटांत विषय संपला.

सॅस आणि औषध-चाचण्या हा माझा स्वतःचा प्रांत, म्हणून मी जपून बोलले. पुण्यात आणि मुंबईत कामं आहेत, बी. एस्सी.वर सुरुवात होते, आणि शिकण्यासाठी सॅस कंपनीची फुकट ऑनलाइन सोय आहे, त्याला कोणाला लाखभर द्यायची गरज नाही. पण बी. एस्सी.वर लागलेली मुलं बरीच वर्षं तक्तेच बनवत राहतात. चाचणीचा आराखडा ठरवणाऱ्या खोलीत बसायचं तर एम. एस्सी. लागते. मला स्वतःला ते चौथ्या वर्षी कळलं.

एमआयएसची नोकरी म्हणजे रोज सकाळी कालच्या विक्रीचा एक्सेल अहवाल. हातात महिना एकोणीस-वीस हजार.

आणि एम. एस्सी. इथे माझं चुकलं.

तिच्या पाच पानांनी मी इतकी भारावले होते की मी तिला थेट वरचं दार दाखवलं. आयआयटींच्या जॅम परीक्षेचा गणितीय संख्याशास्त्राचा पेपर फेब्रुवारीत, आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची एम. स्टॅट.ची प्रवेश परीक्षा मेमध्ये. महालनोबिसांनी १९३१ मध्ये उभारलेल्या त्या संस्थेत शिकवणीची फी नाही, वर विद्यावेतन. घरची परिस्थिती पाहता यापेक्षा चांगलं काय असणार? जानेवारीत एमआयएसची ऑफर आली तेव्हा तिने विचारलं, आणि मी म्हणाले, “थांब.” तिने नाही कळवलं.

न जुळणाऱ्या आकड्यापाशी चिकाटीने बसणं हे एक कसब. दोन तासांत सदिश अवकाशांची आणि अभिसरणाची सिद्धता कागदावर उतरवणं हे दुसरं. पहिलं बघून मी दुसरं गृहीत धरलं. एका नमुन्यावरून, तोही सोयीचा, मी अंदाज बांधला. संख्याशास्त्रात मुरलेल्या माणसाने करावी तशी ही चूक नाही. तिच्या कॉलेजात रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा वरवर झालेलं होतं, आणि ती पोकळी चार महिन्यांत भरून निघणारी नव्हती. हे मला तिच्या गुणपत्रिकेतच दिसायला हवं होतं. तिथे गणिताचे गुण संख्याशास्त्रापेक्षा ठळक कमी होते. मी ती गुणपत्रिका मागितलीही नव्हती.

जॅममध्ये तिचा क्रमांक कुठल्याही आयआयटीपर्यंत पोचला नाही. कोलकात्याच्या परीक्षेतून ती बाहेर पडली तेव्हा तिने मला फोन केला नाही, संध्याकाळी फक्त “नाही होणार” असा संदेश केला. दरम्यान सहाव्या सेमिस्टरचे गुणही घसरले. नोकरी हातची गेली होती, भाऊ बारावी झाला होता आणि त्याला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता.

तिचा निर्णय

इथून पुढचं तिने ठरवलं. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची प्रवेश परीक्षा जूनमध्ये होती. मी म्हणाले ती तरी दे. ती म्हणाली, “मॅडम, यंदा घरी एकाचीच फी निघेल. ती त्याची निघू दे. मी वर्षभर कमावते आणि गणित करते.” मी वाद घातला नाही. माझा घालायचा हक्कही त्या महिन्यात जरा कमी झाला होता.

पुण्यातल्या एका लहानशा सर्वेक्षण संस्थेत तिला डेटा असिस्टंट म्हणून घेतलं, महिना बावीस हजार. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पायथन किती येतं हे विचारलंच नाही. त्यांनी चुकांची वही वाचली होती आणि अर्धा तास फक्त दुसऱ्या प्रयत्नाबद्दल विचारलं: पुनर्भेटी घातल्या तर शहरी आकडा नेमका का बिघडतो?

त्या वर्षात ती जे शिकली ते कुठल्या क्लासमध्ये मिळालं नसतं. एसक्यूएल कामातच आलं, दोन महिन्यांत. टॅबवर प्रश्नावली भरणाऱ्या पोरांच्या मुलाखती किती मिनिटांत संपतात हे रोज रात्री तपासणारी एक आरची फाइल तिने लिहिली. चाळीस मिनिटांची प्रश्नावली सात मिनिटांत संपली की तांबडी ओळ. मग एकदा तिने आणखी एक तपासणी घातली. बाई शेतकरी घरातली, म्हशी आहेत, आणि तरी कामाच्या रकान्यात ‘घरकाम’, दुय्यम रकाना रिकामा, शिवाय उत्तर नवऱ्याने दिलेलं. अशा नोंदींना दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन जायचा. ही तपासणी का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिने संकेतांकांची पुस्तिका दाखवली. गौरीचं काही सांगितलं नाही.

पहाटे पाच ते सात गणित. एकटीने, जुन्या प्रश्नपत्रिका आणि लायब्ररीतली पुस्तकं. मी आठवड्यातून एकदा तासभर बसायचे, बहुतेक वेळा मलाच आधी उजळणी करावी लागायची. २०२५ च्या जूनमध्ये तिने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली आणि एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी तिच्याच पगारातून गेली. शनिवार-रविवार ती जुन्या संस्थेचं काम अजून करते.

आता भारतीय सांख्यिकी सेवेचा फॉर्म भरू का, असं तिने अलीकडेच विचारलं. वडिलांचा आग्रह आहे, तिचीही इच्छा आहे. या वेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. गेल्या जूनपासून लिनिअर अल्जेब्राची किती गणितं उत्तर न बघता सोडवून झाली, असं विचारलं.

“एकशे बारा,” ती म्हणाली. “त्यातली एकतीस चुकली. का चुकली ते वहीत आहे, आणू का?”